शिशात गुंडाळलेलं घड्याळ

मनू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रवा भाजत होते. फोन आमच्याकडे नाही, पलीकडे शारदम्मांकडे आहे. एरवी त्या कुंपणापासूनच ‘अक्का, फोन बंदिदे’ अशी हाक मारतात, म्हणजे तुमचा फोन आलाय. त्या दिवशी हाक न मारता कुंपणाशी नुसत्या उभ्या राहिल्या. कढई उतरवून बाहेर गेले तेव्हाच मला कळायला हवं होतं. फोन मनूच्या संस्थेतून होता. मनोहर उपकरण-दुरुस्तीच्या खोलीत टेबलाशी बसल्या जागीच गेला, सकाळी, चहा यायच्या आधी. हृदय बंद पडलं म्हणाले… मी ‘सरी’ म्हटलं, म्हणजे ‘बरं’. धाकटा भाऊ गेल्याचं ऐकून कुणी ‘सरी’ म्हणतं का? भाजीवाल्याला म्हणतो तसं म्हटलं, घरी आले, आणि तोच रवा परत चुलीवर ठेवला. तो करपेपर्यंत मला रडू आलं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. इथल्या, बंगळूरच्या, मराठी मंडळींनी त्याच्यासाठी सभा घेतली. फोटोला हार, उदबत्ती, सगळं रीतसर झालं. उठला तो प्रत्येक जण एकच बोलला, की काय प्रामाणिक माणूस होता, विज्ञानासाठी स्वतःचं नाव पुसून टाकलं, असा माणूस विरळा. मी पहिल्या रांगेत पदर आवळून बसले होते. माझ्या ओठांवर आलं होतं की त्या प्रामाणिकपणाचं त्याला काय मिळालं ते सांगा की एकानं तरी. पण सभेत बाईनं असं विचारायचं नसतं, म्हणून गप्प राहिले. कागदावर कुणी गप्प बसवणार नाही, म्हणून इथे लिहिते.

आम्ही बेळगावची. बाबा तारमास्तर होते. रात्रपाळी असायची म्हणून त्यांनी रेडियमच्या काट्यांचं मनगटी घड्याळ घेतलं होतं, अंधारात आकडे हिरवे दिसायचे. बाबा दिवा मालवून आमच्या खोलीत डोकवायचे तेव्हा ते दिसायचे नाहीत, फक्त तेवढं हिरवं दिसायचं. मनू त्याला काजवा म्हणायचा. काजवा आला की झोपल्याचं सोंग करायचं, हा आमचा नेम. बाबा गेल्यावर घड्याळ मनूच्या मनगटावर गेलं. मी लग्न होऊन बंगळूरला आले होते, हे इथल्या विमानाच्या कारखान्यात. मागोमाग मनूही शिकायला इथल्या संस्थेत आला आणि इथलाच झाला. राहायचा वसतिगृहात, पण रविवार आमच्या मल्लेश्वरमच्या घरी. जेवायला यायचा आणि भांडायला. ‘तुझ्या आमटीत गूळ कमी आहे’ म्हणणारा जगात तो एकटाच, कारण बेळगावची आमटी त्यालाच ठाऊक.

काय शिकतोस म्हणून विचारलं की तो मला मागच्या पायरीवर बसवायचा. मी तांदूळ निवडायची आणि तो आकाश समजावायचा, तेही भर दुपारी, जेव्हा आकाशात बघण्यासारखं काही नसतं. म्हणायचा, ‘अक्का, फार मोठा तारा असला ना, की तो म्हातारा होऊन शांतपणे विझत नाही. आतलं जळण संपलं की स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो आणि फुटतो. असा एक आपल्या वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकापाशी फुटलाय, शेकडो वर्षांपूर्वी. तेव्हा लोकांना दिवसाढवळ्या दिसला होता. आता तिथे नुसता धूर आहे. पण त्या धुरातून अजून काहीतरी निघत असणार, क्ष-किरणांपेक्षाही जोरकस. त्याला गॅमा किरण म्हणतात.’ मी म्हटलं, ‘मग बघ की.’ तर म्हणाला, ‘बघता येत नाही. हवेचं छप्पर आहे, ते किरण खाली येऊच देत नाही. छपरावर चढायला पाहिजे.’ ‘मग चढ’, मी म्हटलं. त्याला ते फार आवडलं. पुढे कित्येक दिवस तो आला की दारातूनच सांगायचा, ‘अक्का, अजून शिडी मिळाली नाही.’

त्याची शिडी म्हणजे रबरी फुग्यांची माळ. हायड्रोजन भरलेले मोठे मोठे फुगे एकत्र बांधायचे, खाली पेटी लटकवायची. पेटीत एक स्फटिक. त्याच्यावर गॅमा किरण पडला की आत इवलीशी ठिणगी चमकते, ती मोजायची. पण हा स्फटिक म्हणजे एक प्रकारचं मीठच. हवा लागली की मिठासारखं पाणी सुटून पिवळा पडणार. म्हणून त्याच्याभोवती ओलावा पिणारे निळे खडे ठेवायचे. ते ओलावा पिऊन गुलाबी झाले की भाजायचे, भाजले की परत निळे. आणि भाजायचे कुठे, तर आमच्या घरी, माझ्या कढईत. संस्थेतली भट्टी कायम दुसऱ्या कुणाला तरी हवी असायची. रविवारी जेवण झालं की हा पिशवीतून गुलाबी खडे काढायचा आणि मी रव्यासारखे मंद आचेवर परतायची. ‘अक्का, करपू देऊ नकोस, करपले तर निकामी.’ मी म्हणायची, ‘मला शिकवू नकोस, तुझ्या जन्माआधीपासून परततेय.’ यांचं म्हणणं असं की मेहुणा शास्त्रज्ञ असल्याचा आपल्याला एवढाच लाभ, की उपम्याला वास येतो. मनू हसून लोळायचा. तो तेव्हा फार हसायचा, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर ज्यांनी त्याला पाहिलं त्यांना ते खरं वाटायचं नाही.

आता जे झालं ते समजायला त्याच्या खोलीतला एक रिवाज सांगायला हवा. रेडियममधूनही गॅमा किरण निघतात. स्फटिकाला तारा कुठला आणि रेडियम कुठलं ते कळत नाही, तो आपला मोजत सुटतो. म्हणून मनूच्या प्रयोगशाळेच्या दाराशी एक तबक होतं. आत येणाऱ्या प्रत्येकानं घड्याळ काढून तिथे ठेवायचं, मग पुढे जायचं. देवळाबाहेर चपला काढतो तसं. मी एकदा डबा द्यायला गेले होते तर माझ्या बांगड्यांकडेही त्यानं संशयानं पाहिलं. स्वतःचं तर विचारूच नका. काम सुरू करायचं म्हणजे आधी बाबांचं घड्याळ काढायचं, ही त्याच्या हाताला सवयच लागली होती. आमच्या घरी जेवायला बसतानाही काढायचा. प्रयोगशाळेत रेडियमची कुपी चिमट्यानं उचलून किरण अडवणाऱ्या शिशाच्या डबीत ठेवणारा माणूस तो. नंतर ज्यांनी त्याला निष्काळजी म्हटलं, त्यांनी त्याला काम करताना पाहिलं नव्हतं.

पेटीत स्फटिकाबरोबर एक कॅमेरा होता. मोजणीचे आकडे आणि एक घड्याळ, या दोन्हींचा तो एकत्र फोटो घेत राहायचा, म्हणजे कुठल्या क्षणी किती किरण आले ते मागाहून कळावं. त्यासाठी संस्थेचं एक साधं, न चमकणारं घड्याळ होतं. स्फटिक पेटीत आलटून पालटून दोन बाजूंना वळायचा, थोडा वेळ ताऱ्याकडे तोंड, थोडा वेळ रिकाम्या आकाशाकडे. ताऱ्याकडे जास्त मोजले गेले तर ते जास्तीचे ताऱ्याचे. एवढं साधं होतं ते. वैशाखात तो शिंगाजवळचा भाग भर दुपारी डोक्यावर येतो, सूर्यामुळे दिसत नाही इतकंच. म्हणून फुगे सकाळी सोडायचे ठरले, हेब्बाळच्या तळ्यापलीकडच्या माळावरून. पेटी खाली उतरवणारी पॅराशूटची छत्री मी शिवली होती, माझ्या मशीनवर, इथल्याच रेशमाची. त्यामुळे मलाही जायचा मान मिळाला.

त्या सकाळी वारा पडलेला होता, तोच हवा असतो. फुगे भरून झाले होते, दोर धरून माणसं उभी होती. मनूचा सोबती मूर्ती, दोघं एकाच खोलीत काम करायचे, तो पेटीचं झाकण लावायला गेला आणि ओरडला की घड्याळ बंद पडलंय. किल्ली देऊन पाहिली, हलवून पाहिलं, चालेना. फुगे ओढ घेत होते. थांबलं तर वारा सुटणार, फुगे फाटणार, परत हायड्रोजन मिळायला कोण जाणे किती महिने. सगळे मनूकडे बघत होते. मनूनं मनगटावरून बाबांचं घड्याळ काढलं, कपाळाला लावलं आणि पेटीत घट्ट बसवून झाकण लावून टाकलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मला तर भरून आलं, बाबा वर चालले असं वाटलं. मूर्तीलाही काही खटकलं नाही. मी यावर फार विचार केलाय. रोज घड्याळ काढलं की त्याचा हात मोकळा व्हायचा, आता काम सुरू करायला हरकत नाही असा. त्या दिवशीही त्यानं घड्याळ काढलंच होतं. हातानं आपलं काम केलं, मन निश्चिंत झालं. आणि ते रेडियम नव्हतंच त्याच्या लेखी, ते बाबांचं घड्याळ होतं.

फुगे दिसेनासे होईपर्यंत आम्ही माना वर करून उभे होतो. पेटी कोलारच्या वाटेवर एका नांगरलेल्या शेतात उतरली. शेतकऱ्यानं तिच्यावर पोतं टाकून ठेवलं होतं, ऊन लागू नये म्हणून. छत्रीची शिवण उसवली नव्हती. फिल्म धुतली आणि मनूनं आकडे मांडले. स्फटिकाचं तोंड ताऱ्याकडे असताना मोजणी जास्त होती, पुसटशी नव्हे, स्पष्ट जास्त. तो थेट आमच्याकडे आला, घाम पुसायचंही भान नव्हतं. ‘अक्का, शिडी पोचली गं.’ एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसून पोरासारखा रडला. बाबांचं घड्याळ परत त्याच्या मनगटावर होतं, वर जाऊन आल्यावरही वेळ बरोबर दाखवत होतं, याचं आम्हाला कोण कौतुक. पुढचे काही महिने त्याच्या आयुष्यातले खरे महिने. मुंबईला बोलावलं, दिल्लीला बोलावलं, इथल्या कानडी वर्तमानपत्रात फोटो आला, तो शारदम्मांनी कापून ठेवला. संचालकांनी पुढच्या उड्डाणासाठी प्लॅस्टिकचा मोठा फुगा कबूल केला. त्याच्या लग्नाचंही मी मनावर घेतलं होतं.

मग गणपती आले. आमच्या घरात स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली आहे, इथल्यासारखं आम्हीही तिला उग्राण म्हणतो. तिला खिडकी नाही, भर दुपारी काळोख. माझे हात नारळात भरले होते म्हणून मी मनूला म्हटलं, ‘आतला गुळाचा डबा दे रे जरा.’ तो आत गेला. वाऱ्यानं की कशानं दार मागे आपोआप लोटलं गेलं. बराच वेळ तो बाहेर येईना. मी म्हटलं, ‘गूळ सापडत नाही की ऊस आणायला गेलास?’ शेवटी दार ढकललं तर हा अंधारात उभा, डबा एका हातात आणि दुसरा हात डोळ्यांसमोर धरलेला. मनगटावर ते हिरवं. मी हसून म्हटलं, ‘काय रे, काजवा बघतोस?’ तो म्हणाला, ‘होय अक्का…’ आणि डबा माझ्या हातात देऊन खाली जमिनीवरच बसला. त्यानं मला समजावलं, अगदी हळू, मागच्या पायरीवर समजावायचा तसं. स्फटिक ताऱ्याकडे वळला की पेटीत घड्याळाच्या जवळ यायचा आणि रिकाम्या आकाशाकडे वळला की लांब जायचा. जमिनीवर सगळ्या चाचण्या झाल्या होत्या त्या संस्थेच्या घड्याळानिशी, म्हणून कुणाला कळलं नाही की ते जास्तीचे किरण घड्याळाचेही असू शकतात. मोदक तसेच राहिले. नैवेद्य मी केला, कसा केला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तो संस्थेत जाऊन सांगून आला. मूर्ती संध्याकाळी माझ्याकडे धावत आला, म्हणाला, ‘अक्का, त्याला सांगा, स्वल्प सुम्ने इरू म्हणावं. जरा गप्प राहा. मोठा फुगा येतोय, दुसऱ्या उड्डाणात खरं काय ते कळेलच, तेव्हा हळूच दुरुस्त करू.’ संचालकांचंही म्हणणं तेच, फक्त इंग्रजीत. मनू ऐकेना. म्हणाला, ‘जे दिसलं नाही ते दिसलं म्हणून मी एक दिवसही कसा फिरू?’ त्यानं लेखी कळवून सगळं मागे घेतलं. जिथे जिथे बोलला होता तिथे तिथे कळवलं. त्याला वाटलं होतं की खरं सांगितलं की लोक म्हणतील, बरं झालं, आता नीट मोज. तसं कुणी म्हटलं नाही. मोठा फुगा आला तो दुसऱ्या गटाला गेला. त्याला उपकरण-दुरुस्तीच्या खोलीत बसवलं, तुझे हात चांगले आहेत म्हणून. हे त्याला म्हणाले, ‘माणूस चुकतोच मनोहर, पुन्हा मागणी कर.’ त्यानं मागणी केली. दर वर्षी करायचा. दर वर्षी उत्तर गोड असायचं.

लोक म्हणतात खरं बोलल्याचं एक समाधान असतं. असेल. माझ्या भावाच्या तोंडावर मी ते शोधलं, दर रविवारी शोधलं, मला दिसलं नाही. तो येत राहिला, आमटी मुकाट्यानं खात राहिला. गूळ कमी आहे म्हणायचं त्यानं सोडलं, आणि मी मुद्दाम कमी घालून पाहिला तरी बोलला नाही. खडे आणायचंही थांबवलं. स्फटिक कपाटात पिवळा पडला. मनगट रिकामं असायचं. लग्नाचा विषय काढला की उठून जायचा. एकदाच बोलला, मी दळण चाळत होते तेव्हा. म्हणाला, ‘चुकलो याचं मला नाही गं वाटत. जास्तीच्या मोजणीतून घड्याळाची वजा करायची म्हणून मी किती धडपडलो. पण पेटी आपटल्यावर आतलं सगळं हललं होतं, घड्याळ नेमकं किती जवळ होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. खाली शून्य उरतं की थोडं काही उरतं, कळत नाही. तारा त्या पेटीत आलाही असेल अक्का… आला असेल आणि मीच त्याच्यासमोर घड्याळ धरलं असेल.’ मी चाळण हलवत राहिले. त्याला ‘हो’च हवं होतं असं नाही, ‘नाही’ही चाललं असतं. पण त्याला कळायला हवं होतं, बाकी काही नको होतं. दुसरं उड्डाण मिळतं तर कळलं असतं. ते कुणी दिलं नाही, आणि ते न कळताच तो त्या दुरुस्तीच्या टेबलाशी गेला. याला मी काय नाव देऊ? सभेत याला त्याग म्हणाले.

परवा मूर्ती त्याची ट्रंक घेऊन आला. आता तोही पिकलाय. चहा घेतला नाही, टोपी हातात फिरवत बसला. म्हणाला, ‘अक्का, तुम्हाला सांगावंसं वाटलं. परदेशात आता म्हणताहेत की त्याच दिशेनं खरोखर किरण येतात. मनोहरचा रोख बरोबर होता.’ मी विचारलं, ‘मग त्याच्या पेटीतले ते जास्तीचे त्याच ताऱ्याचे होते?’ त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, ‘ते आता नाही सांगता येणार.’ मी म्हटलं, ‘रोख बरोबर आहे असं तो जिवंत असताना तुमच्यापैकी कुणी त्याला म्हणालं का?’ तो रडला. त्याच्या रडण्याचं मला काही वाटलं नाही, खरं सांगते. त्याचा दोष नाही हे कळतं, तरी वाटलं नाही.

ट्रंकेत कपडे होते, त्यानं मागून नेलेली खडे भाजायची माझी जुनी कढई होती, आणि तळाशी एक जड पुडी. शिशाचा पत्रा, चारी बाजूंनी दुमडून घट्ट बंद केलेला. मनूच्या हातची सफाई ओळखू आली. उघडलं तर आत बाबांचं घड्याळ. प्रयोगशाळेत रेडियम ठेवतात तसं त्यानं ते ठेवलं होतं, इतकी वर्षं, आपल्या खोलीत जिथे मोजायला काहीच नव्हतं. मूर्ती म्हणाला, यातला चमकणारा रंग हळूहळू मरतो, पण किरण मरत नाहीत, आपल्या नातवंडांची नातवंडं गेली तरी चालूच राहतील. शिसं तसंच राहू द्या म्हणाला. मी शिसं भंगारात घातलं. घड्याळ उग्राणात, गुळाच्या डब्याशेजारी खिळ्याला टांगलंय. किल्ली देत नाही.

गूळ काढायला गेले की दार ओढून घेते. आधी काही दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि ते दिसतं, पूर्वीपेक्षा पुष्कळ मंद, पण दिसतं. बाबांची आठवण यायला हवी, मनूची यायला हवी. येते तीही. पण आधी येतो तो रागच. एवढ्याशा त्या हिरव्यानं माझ्या भावाच्या आणि त्याच्या ताऱ्याच्या मध्ये उभं राहावं, आणि तो गेल्यावरही असंच चालू राहावं… मी त्याच्याकडे पाठ करते, अंदाजानं डबा काढते आणि बाहेर येते. आमटीत आता गूळ जास्तच पडतो. हे काही बोलत नाहीत.